अंगाला मानवेल ते वस्त्र: स्वमग्न मुलीच्या कपड्यांविषयी एका आईला उत्तर

बडोद्यात दांडिया बाजार भागात राहणाऱ्या एका ताईंनी विचारले आहे की, त्यांच्या १७ वर्षांच्या, बारावीत शिकणाऱ्या मुलीला गेल्या वर्षी ऑटिझमचे, म्हणजे स्वमग्नतेचे, निदान झाले. ती घरात आणि बाहेर दोनच जुने करडे सुती कुर्ते आलटूनपालटून घालते आणि नव्या कपड्याचे लेबल कापल्याशिवाय त्याला हातही लावत नाही. मार्गशीर्षात तिच्या थोरल्या भावाचे लग्न आहे, आणि करवलीने शालूच नेसला पाहिजे असा घरातील सर्वांचा आग्रह आहे. हा हट्ट समजावा की त्रास, तो सवयीने जाईल का, तिला नटण्यामुरडण्याची हौसच नाही का, आणि लग्नात नेमके काय करावे, असे त्यांचे प्रश्न आहेत. मी या शहरात बरीच वर्षे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामे जमावीत यासाठी मदत करणारी तज्ज्ञ, म्हणून स्वमग्न मुले आणि प्रौढ यांच्याबरोबर काम करते आहे, आणि कपड्यांचा विषय माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कुटुंबात कधी ना कधी निघतोच, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

ताई, हा हट्ट नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये निदानाची सुधारित नियमावली, म्हणजे डीएसएम-५, प्रसिद्ध केली, तेव्हा स्पर्श, आवाज, प्रकाश, वास अशा संवेदनांना नेहमीपेक्षा फार जास्त किंवा फार कमी प्रतिसाद देणे या लक्षणाला स्वमग्नतेच्या निकषांत स्पष्ट जागा मिळाली. स्वमग्न माणसे स्वतः मात्र हे त्याआधी कितीतरी वर्षे सांगत होती. पशुविज्ञानाच्या प्राध्यापक टेम्पल ग्रँडिन यांनी आपल्या लहानपणाविषयी लिहिताना सांगितले आहे की, चर्चला जाताना घालावे लागणारे खरखरीत परकर त्यांना असह्य होत, आणि कपडे थोडे बदलले असते तर तेथील त्यांचे पुष्कळसे वाईट वागणे टळले असते. आपल्याकडेही कार्यप्रसंगी ‘हिला चारचौघांत वागता येत नाही’ असे जिच्याविषयी म्हटले जाते, तिच्या मानेला जरीची किनार घासत असण्याची शक्यता कोणी तपासून पाहत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

यामागे शरीरात काय घडते ते समजून घेतले, की पुढचे निर्णय सोपे होतात. आपण सकाळी कपडे घालतो तेव्हा त्यांचा स्पर्श क्षणभर जाणवतो आणि मग मेंदू त्याची दखल घेणे सोडून देतो, त्यामुळे पाठीवर शिवण आहे हे दिवसभरात आठवतही नाही. अनेक स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूत हा प्रतिसाद तितक्या लवकर ओसरत नाही, असे मेंदूच्या प्रतिमांवर आधारलेल्या अभ्यासांतही दिसून आले आहे. सकाळी सात वाजता जाणवलेले लेबल दुपारी एकलाही तितकेच जाणवत असेल, तर वर्गात शिकवलेल्या गणिताकडे किती लक्ष उरेल, याचा अंदाज कोणत्याही आईला करता येईल. यात आणखी एक गोष्ट अशी की, हलका, सरकता, अनपेक्षित स्पर्श बहुतेकांना सर्वांत जास्त छळतो, तर घट्ट आणि स्थिर दाब पुष्कळांना शांत करतो. म्हणूनच जिला ओढणीचा वाऱ्याने हलणारा पदर सोसत नाही, तीच मुलगी अंगासरशी बसणारी सुती बंडी आनंदाने घालते, आणि घरच्यांना त्यात विसंगती वाटते. ती विसंगती नाही.

तेव्हा पहिले काम म्हणजे ‘हिला नवे कपडे आवडत नाहीत’ हे मोघम वाक्य सोडून नेमके काय टोचते, कोठे आणि केव्हा टोचते, हे शोधणे. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाने शाळेचा शर्ट उलटा घालण्याचा ध्यास घेतला होता आणि त्यावरून घरात रोज रडारड होत असे. तो शर्ट हातात घेऊन आम्ही आतून तपासला. बाजूच्या शिवणीला ओव्हरलॉक करताना वापरलेला धागा कडक सिंथेटिक होता आणि काखेखाली जेथे चार शिवणी एकत्र येतात तेथे त्याची वाटाण्याएवढी गाठ तयार झाली होती. मुलगा शर्ट उलटा घालून ती गाठ अंगापासून दूर ठेवत होता, आणि त्याचा उपाय आमच्या सर्वांच्या आधी त्याला सापडला होता. शिंप्याने शिवण उसवून, कडा आत दुमडून, साध्या सुती धाग्याने सपाट शिवून दिली आणि शर्ट सुलटा झाला. तुमच्या मुलीचे ते दोन करडे कुर्तेही असेच उलटे करून पाहा. गळा किती उतरता आहे, बाही कोठे संपते, शिवण कशी आहे, कापड कितपत झिजले आहे, या सर्वांत तिची पसंती लिहिलेली असते. जी गोष्ट ती रोज आपणहून निवडते, तिच्याइतका विश्वासार्ह पुरावा दुसरा नाही.

कापडाविषयी काही ठोस सांगते. नव्या सुती कापडात खळ असते, त्यामुळे ते कडक आणि खरखरीत लागते. दोनतीनदा कोमट पाण्यात धुतल्यावर तेच कापड बदलून जाते, म्हणून न धुतलेल्या नव्या कपड्यावरून मुलीची पसंती ठरवू नये. लोकर चावते, कारण सुमारे ३० मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूंची टोके कातडीत वाकण्याऐवजी रुततात. पातळ तंतूंची लोकर त्यामानाने मऊ लागते. कापूस हवेतील ओलावा आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के धरून ठेवतो आणि पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही, त्यामुळे बडोद्यात पारा ४० अंशांच्या वर जातो तेव्हा पॉलिएस्टरखालचा घाम तसाच राहतो, ओल्या कातडीवर कापड चिकटते आणि घर्षण वाढते. ज्या सदऱ्याविषयी जानेवारीत तक्रार नव्हती तोच एप्रिलमध्ये फेकून दिला जातो, त्याचे कारण बहुधा हेच असते. भरतकामाची पुढची बाजू सुंदर असली तरी मागे दोऱ्यांच्या गाठी असतात. आभल्यांच्या कडा तर त्याहून त्रासदायक. धातूचे हूक गार लागतात, आणि काहींना त्यातील निकेलची खरोखरच ॲलर्जी असते, म्हणून कातडी लाल होत असेल किंवा पुरळ उठत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. प्रत्येक गोष्ट स्वमग्नतेच्या खात्यावर मांडू नये.

या शहराची यात मोठी सोय आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० मध्ये सुरू झालेल्या कलाभवनात विणकाम आणि रंगकाम शिकवले जाई, आज महाराजा सयाजीराव विद्यापीठात वस्त्रशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, आणि कापड दोन बोटांत चोळून त्यात सूत किती आणि मिश्रण किती हे सांगणारे जुने दुकानदार अजूनही भेटतात. मंगळ बाजाराच्या गर्दीत मुलीला नेण्याची मात्र गरज नाही. तेथील आवाज, धक्के आणि दिवे यांनीच तिची सहनशक्ती संपते आणि मग कोणतेच कापड बरे वाटत नाही. त्यापेक्षा पाचसहा प्रकारच्या कापडांचे हातरुमालाएवढे तुकडे घरी आणावेत, धुवावेत आणि तिला निवांत वेळी हाताच्या आतल्या बाजूला, मानेला, पोटाला लावून पाहू द्यावेत. हाताच्या तळव्याला जे चालते ते मानेला चालतेच असे नाही.

काही स्वमग्न व्यक्तींच्या बाबतीत चित्र उलटे असते. त्यांना थंडी, ऊन, घाम, ओले कपडे यांची जाणीवच उशिरा होते, भर मे महिन्यात ते स्वेटर घालून बसतात, किंवा शर्टाचे टोक बाहेर आले आहे, पायजमा पिळला आहे हे त्यांच्या लक्षात येत नाही. त्यांना ‘गबाळा’ म्हणून हिणवण्यात काही अर्थ नाही. बाहेर पडताना आरशासमोर थांबून पाहण्याचा एक ठरलेला क्रम आणि हवामानावरून कपडे निवडण्याचा तक्ता यांचा उपयोग होतो. शिवाय बारीक बटणे, नाडीची गाठ, साडीच्या निऱ्या यांसाठी लागणारे हातांचे कौशल्य अनेकांना जड जाते, आणि ‘हा कपडा नको’ या म्हणण्यामागे कधीकधी ‘हा मला एकटीला घालता येत नाही’ हे दडलेले असते. तेही एकदा विचारून पाहा.

सहनशक्ती रोज सारखी नसते, ही गोष्ट मी पालकांना पुन्हा पुन्हा सांगते. परीक्षेचे दिवस, अपुरी झोप, पाहुण्यांनी भरलेले घर, यांत नेहमीचा कपडाही बोचू लागतो. मासिक पाळीच्या दिवसांत पॅडचा कागदी आवाज, त्याच्या कडा, ओलसरपणा हे सर्व एकदम अंगावर येते, आणि मुली संकोचाने ते सांगत नाहीत. मऊ सुती पॅड किंवा पाळीसाठीची शोषक अंतर्वस्त्रे वापरून पाहावीत आणि त्या दिवसांत कपड्यांच्या बाबतीत तिच्याकडून कसलीही तडजोड मागू नये.

आता सवयीचा प्रश्न. ‘रोज घालायला लावले की आपोआप सवय होईल’ हे मत घरातील वडीलधाऱ्यांकडून येते आणि त्यामागे काळजीच असते, हे मला ठाऊक आहे. पण ज्या मेंदूत स्पर्शाची दखल ओसरतच नाही, तेथे बळजबरीने सवय होत नाही. होते ते एवढेच की मूल तक्रार करणे सोडते, त्रास आत दाबते आणि घरी आल्यावर किंवा काही महिन्यांनी तो भलत्याच रूपात बाहेर पडतो. विशेषतः मुली मैत्रिणींचे पाहून तसेच कपडे घालतात, तसेच हसतात, तसेच बोलतात, आणि या दाबून ठेवण्याची किंमत थकवा, चिंता आणि नैराश्य या रूपांत मोजतात. त्यांचे निदान उशिरा होण्यामागेही हे एक कारण आहे. त्वचेवर ठराविक पद्धतीने ब्रश फिरवून हा त्रास घालवण्याचा दावा केला जातो, परंतु त्याला भक्कम पुरावा नाही, आणि त्यावर मोठा खर्च करावा असे मी कोणालाही सुचवत नाही. जे उपयोगी पडते ते संथ आहे: नवा कपडा धुऊन काही दिवस तिच्या उशाशी ठेवावा, मग ओळखीच्या बंडीवर थोडा वेळ घालावा, तोही घरात, तिने ठरवलेल्या वेळी, आणि नको वाटेल त्या क्षणी काढून टाकण्याची पूर्ण मुभा ठेवून. ती मुभा खरी असेल तरच पुढचे पाऊल पडते. आणि काही कपडे कधीच चालणार नाहीत, हेही मान्य करावे लागते.

तिला नटण्याची हौस नाही, या निष्कर्षाला मात्र मी जोरदार हरकत घेते. स्वमग्न माणसांना स्वतःची आवड नसते हा समज चुकीचा आहे. त्यांची आवड पुष्कळदा फार ठाम, फार बारकाईची आणि इतरांच्या मतांपासून मोकळी असते. रोज एकच प्रकारचा पोशाख घालणे ही अनेकांची विचारपूर्वक केलेली निवड असते, कारण त्यामुळे सकाळचा एक निर्णय वाचतो आणि दिवसाची सुरुवात ओळखीची होते. माझ्या ओळखीचा एक तरुण आराखडे काढण्याचे काम करतो. तो गडद निळ्या सुती कापडाचे, एकाच मापाचे शर्ट रावपुऱ्यातील एकाच शिंप्याकडून शिवून घेतो; उजव्या खिशात पेन्सिलीसाठी दोन उभे कप्पे, कॉलरऐवजी बंद गळा, बटणे लाकडी. त्या शर्टात तो जितका नेटका आणि स्वतःसारखा दिसतो तितका भाड्याच्या शेरवानीत कधीच दिसला नसता. एका मुलीला नवरात्रात गरब्याला जायचे होते, पण आभल्यांची चणियाचोळी आणि मैदानातील आवाज दोन्ही अशक्य. तिने कच्छच्या काला कॉटनचा, म्हणजे तिथल्या देशी कापसाच्या कापडाचा, साधा, मोठ्या घेराचा घागरा शिवून घेतला, आतून मलमलीचे अस्तर लावले, कडेला रंगीत कापडाच्या पट्ट्या जोडल्या, आणि सोसायटीच्या छोट्या गरब्यात कानांवर आवाज कमी करणारे हेडफोन लावून ती मन भरेपर्यंत नाचली. घेर फिरताना पायांना होणारा वजनदार स्पर्श तिला अतिशय आवडतो, हे तिने स्वतः सांगितले. तुमच्या मुलीला करडाच रंग का आवडतो, त्यातील कोणती छटा, कोणता पोत, हे तिला निवांत विचारा. कदाचित ती अर्धा तास बोलेल. मुलामुलींसाठी ठरलेल्या कपड्यांच्या चौकटीही काही स्वमग्न तरुणांना पटत नाहीत, आणि ते सांगतात तेव्हा शांतपणे ऐकून घेणे एवढेच घरच्यांचे काम असते.

लग्नाविषयी. करवली म्हणून तिला काय करायचे आहे ते पाहू: हातात कऱ्हा धरून भावाच्या मागे उभे राहणे आणि विधींच्या वेळी जवळ असणे. यात शालू अत्यावश्यक कोठेही नाही. रेशमाचा पोत पुष्कळांना चालतो; त्रास देतात ते जरीचे काठ, परकराच्या नाडीचा कमरेला काचणारा दोर, अस्तर आणि हूक असलेला घट्ट ब्लाउज, खांद्यावरच्या पिना आणि सतत सरकणारा पदर. तिला साडी हवी असेल तर आधी वापरून मऊ झालेली आजीची किंवा तुमची साडी काढा, नाडीऐवजी रुंद सपाट पट्टा लावलेला परकर शिवा, होजिअरीच्या मऊ कापडाचा बिनहुकाचा ब्लाउज करा, आणि पदर पिनांऐवजी शिंप्याकडून आधीच शिवून घ्या. साडी नको असेल तर तिच्या करड्या कुर्त्याच्याच मापाचा, धुतलेल्या मऊ रेशमाचा किंवा मलमलीचा कुर्ता तिला आवडणाऱ्या छटेत शिवावा, आणि पैठणीची पट्टी लावायचीच तर ती अंगाला न लागणाऱ्या ठिकाणी, बाहेरच्या बाजूने, खाली घेरावर लावावी. आतून पातळ सुती बंडी दोन्ही प्रकारांत घालता येते. शिवून आलेला कपडा तिने लग्नाआधी घरी अनेकदा घातलेला आणि अनेकदा धुतलेला असला पाहिजे. लग्नाच्या सकाळी पहिल्यांदा अंगावर चढणारा कपडा हा धोकाच आहे.

इतर गोष्टी अनेकदा नजरेतून सुटतात. मंगलाष्टकांच्या वेळी अक्षता डोक्यावर पडतात आणि गळ्यातून ब्लाउजमध्ये शिरतात. गळा बंद ठेवला, किंवा तिला अक्षतांच्या टप्प्याबाहेर उभे केले, तर हे टळते. गजऱ्याचे पाणी मानेवर ओघळते आणि मोगऱ्याचा वास बंद सभागृहात दाटतो, तेव्हा तो वगळावा. बांगड्यांचा आवाज आणि हातावर आपटणे नको असेल तर एकच रुंद, घट्ट बसणारे कडे पुरे. कऱ्हा मात्र तिला द्याच, तिची तयारी असेल तर: हातात धरायला वजनदार आणि स्थिर वस्तू असली की उभे राहणे सोपे जाते, हे मी अनेक मुलांच्या बाबतीत पाहिले आहे. मंगल कार्यालयात एक खोली तिच्यासाठी मोकळी ठेवा, तेथे तिचा करडा कुर्ता आणि पायजमा घडी घालून ठेवा, आणि विधी आटोपले की ती कपडे बदलेल हे आधीच ठरवून टाका. फोटो तिने कपडे बदलण्याआधी काढून घ्यावेत. आत्या, मावश्या, काकू यांच्याशी बोलण्याचे काम तुम्ही किंवा तिच्या बाबांनी करावे, लग्नाच्या आदल्या आठवड्यात, एका वाक्यात: तिला कापड टोचते, तिचे कपडे तिने ठरवले आहेत, आणि त्यावर कोणी बोलू नये. भावाला हे सांगायला लावले तर आणखी उत्तम, कारण त्या दिवशी नवऱ्या मुलाचा शब्द कोणी मोडत नाही.

शाळेच्या गणवेशाबाबत थोडेच लिहिते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि त्याच्या कलम १६ नुसार सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून देणे अपेक्षित आहे. त्याच रंगाचे पण सुती कापड, टायपासून सूट, बुटांऐवजी मऊ चपला, अशा मागण्या लेखी अर्ज आणि निदानाचे प्रमाणपत्र जोडून मुख्याध्यापकांकडे कराव्यात. तोंडी विनंती वर्ग बदलला की विसरली जाते.

शेवटी त्या दोन करड्या कुर्त्यांकडे वळते, कारण त्यांचे आयुष्य संपत आले आहे आणि ते फाटतील तेव्हा तिच्यावर मोठा प्रसंग ओढवेल. कापड अजून धड आहे तोवर त्यातील एक कुर्ता तिच्या संमतीने दोन दिवसांसाठी शिंप्याकडे द्या, तो न उसवता त्याचे माप कागदावर उतरवून घ्या, आणि तो कागद स्वतःजवळ ठेवा. त्याच वजनाचे, त्याच विणीचे कापड मिळाले तर एकदम पुष्कळ मीटर घ्या, कारण पुढच्या हंगामात तेच कापड मिळेल याची खात्री नसते. नवे कुर्ते एकेक करून धुण्याच्या फेऱ्यांत घाला आणि जुने कपाटात तसेच राहू द्या. नवा कुर्ता तिने आपणहून उचलला की मग जुन्याचे काय करायचे ते तिला विचारा.